खुले नकाशे, खुली माहिती आणि गावाचे नियोजन

वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे विल्यम लॅम्ब्टन यांची कबर आहे. मद्रासजवळील सेंट थॉमस माउंट येथे १८०२ साली पायारेषा मोजून त्यांनी भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा पाया घातला. ७८ अंश पूर्व रेखावृत्ताच्या आसपासची ही मोजणी उत्तरेकडे सरकत असतानाच १८२३ साली हिंगणघाट येथे त्यांचे निधन झाले. लोखंडी साखळ्या आणि सुमारे अर्धा टन वजनाचे कोनमापक यंत्र घेऊन हे काम दोन दशके चालले होते. आज तेवढ्याच प्रदेशाची उपग्रहचित्रे आणि उंचीची आकडेवारी तालुक्याच्या गावी बसून, एक पैसाही खर्च न करता मिळते. श्रम कमी झाले. जबाबदारी मात्र कमी झालेली नाही. विनामूल्य मिळालेल्या माहितीतून काय कळते आणि काय कळत नाही, याची जाण नकाशा करणाऱ्यास व वापरणाऱ्यास असणे अगत्याचे आहे.

धोरणातील बदल

एके काळी सविस्तर नकाशे मिळविणे सामान्य नागरिकास कठीण होते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने संरक्षणासाठीचे नकाशे वेगळे करून जनतेसाठी खुली मालिका निर्माण केली. पुढे १५ फेब्रुवारी २०२१ रोजी केंद्र शासनाने नवी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली आणि भारतीय संस्थांना नकाशे तयार करण्यासाठी लागणाऱ्या पूर्वपरवानग्यांचे बंधन मोठ्या प्रमाणात दूर झाले. डिसेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय भू-अवकाशीय धोरणही आले. भारतीय सर्वेक्षण विभागाचे १:५०,००० प्रमाणाचे खुले नकाशे आता संगणकावर उतरवून घेता येतात.

हाताशी असलेली साधने

नकाशे तयार करण्याच्या आज्ञावलींमध्ये ‘क्यूजीआयएस’चे स्थान अग्रभागी आहे. २००२ साली सुरू झालेली ही आज्ञावली पूर्णतः विनामूल्य आणि खुली आहे. गावाची सीमा, रस्ते, विहिरी, शाळा असे निरनिराळे थर एकावर एक ठेवून त्यांचा परस्परसंबंध तपासणे तिच्या साहाय्याने शक्य होते. शिवारात फिरून मोबाइलवर नोंदी घेण्यासाठी तिच्याच जोडीची ‘क्यूफील्ड’ उपयोगी पडते.

माहितीच्या साठ्यांपैकी चार महत्त्वाचे आहेत. इस्रोचे ‘भुवन’ हे संकेतस्थळ २००९ पासून भारताची उपग्रहचित्रे उपलब्ध करून देत आहे. अमेरिकेच्या ‘लँडसॅट’ मालिकेतील १९७२ पासूनची चित्रे २००८ पासून सर्वांना विनामूल्य खुली झाली; त्यामुळे तलाव किंवा जंगल पन्नास वर्षांत कसे बदलले, हे पाहता येते. युरोपच्या ‘सेंटिनल-२’ मालिकेतील पहिला उपग्रह २०१५ साली सोडला गेला. जोडीने फिरणारे हे उपग्रह सुमारे पाच दिवसांनी त्याच ठिकाणावर परत येतात. चौथा साठा ‘ओपनस्ट्रीटमॅप’चा. २००४ साली सुरू झालेला हा नकाशा स्वयंसेवकांनी घडविलेला आहे. त्यात कोणीही भर घालू शकतो. वापर करताना श्रेय देणे मात्र बंधनकारक आहे.

एक चौकोन, एक गुंठा

उपग्रहचित्र लहान लहान चौकोनांचे बनलेले असते आणि एका चौकोनात एकच नोंद मावते. ‘सेंटिनल-२’चा सर्वांत बारीक चौकोन १० मीटर लांबी-रुंदीचा, म्हणजे १०० चौरस मीटरचा असतो. आपला एक गुंठा सुमारे १०१ चौरस मीटर. म्हणजे या चित्रातील एक चौकोन जवळजवळ एक गुंठा होय! ‘लँडसॅट’चा चौकोन ३० मीटरचा, म्हणजे सुमारे नऊ गुंठ्यांचा. गावात किती क्षेत्र पिकाखाली आहे, हे यातून चांगले कळते. दोन शेतांमधील बांध कोठे आहे, हे मात्र कधीही कळणार नाही. नऊ गुंठ्यांवर एकच ठिपका उमटविणाऱ्या चित्रावरून हातभर जमिनीचा वाद सोडविता येत नाही.

उंचीच्या माहितीबाबतही हीच दक्षता हवी. फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकेच्या अंतराळयानातून रडारने जगाच्या मोठ्या भागाची उंची मोजण्यात आली आणि ती ३० मीटरच्या चौकोनांत मिळते. पाणलोट क्षेत्राची रूपरेषा ठरविण्यास ती उपयुक्त आहे. परंतु २००० नंतर खोदलेले शेततळे वा उघडलेली खाण तीत दिसणार नाही. दाट जंगलात ती जमिनीऐवजी झाडांच्या शेंड्यांजवळची उंची दाखविते. त्यामुळे बंधाऱ्याची जागा अशा माहितीवरून सुचविता येईल. ती निश्चित करण्यासाठी प्रत्यक्ष पाहणीच केली पाहिजे.

वर्ध्याचे गाव समुद्रात

मीटरमध्ये मोजमाप करण्यासाठी पृथ्वीचे सहा-सहा अंशांचे पट्टे पाडलेले आहेत. त्यांपैकी ४३ व ४४ क्रमांकांच्या पट्ट्यांची सीमा ७८ अंश पूर्व रेखावृत्तावरून, म्हणजे आपल्या विदर्भातूनच जाते. अमरावती शहर ४३ व्या पट्ट्यात आहे, तर वर्धा ४४ व्या. वर्ध्याचे आकडे चुकून ४३ व्या पट्ट्यात भरले, तर ते गाव सहा अंश पश्चिमेला सरकून थेट अरबी समुद्रात दिसू लागते. ही चूक निदान डोळ्यांना दिसते. जुन्या सर्वेक्षण-नकाशांची चूक अधिक फसवी असते. ते पृथ्वीच्या वेगळ्या गणिती आकारावर आधारलेले असल्याने, योग्य रूपांतर न करता आजच्या उपग्रहचित्रावर ठेवल्यास विहीर शंभर मीटरांहून अधिक अंतरावर सरकू शकते. म्हणून प्रत्येक थरासोबत त्याची मापनपद्धती, तारीख आणि मूळ स्रोत यांची नोंद ठेवणे हा नकाशाशास्त्राचा पहिला नियम समजावा.

ढगांपलीकडे

पावसाळ्यात साधी उपग्रहचित्रे ढगांनी झाकली जातात आणि नेमकी तेव्हाच पुराची माहिती हवी असते. रडारच्या लहरी ढगांतून आरपार जातात. २०१४ पासून सुरू झालेल्या ‘सेंटिनल-१’ मालिकेची रडारचित्रेही विनामूल्य मिळतात. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगली भागात आला तसा महापूर आल्यास पाण्याचा विस्तार अशा चित्रांवरून जाणता येतो. मात्र पाणी कोठे आहे हे कळले, तरी तेथे वस्ती आहे की नाही, हे नकाशात असावे लागते. ज्या वाडीची वा पाड्याची नोंदच नाही, तेथे मदत पोहोचण्यास विलंब होण्याचा धोका असतो.

येथे गावाचा सहभाग मोलाचा ठरतो. शिक्षकांनी विद्यार्थ्यांसमवेत वाड्या, पाणवठे, पायवाटा आणि नाल्यावरील साकव यांची नोंद केल्यास भूगोलाचा पाठही होईल आणि खुल्या नकाशातील उणीवही भरून निघेल. ग्रामपंचायतीने असा नकाशा ग्रामसभेत मांडून ग्रामस्थांकडून तपासून घ्यावा. जमिनीच्या हद्दीचा प्रश्न आल्यास मात्र भूमी अभिलेख विभागाच्या रीतसर मोजणीचाच आधार घ्यावा.

लॅम्ब्टन यांच्या काळी मोजणारा स्वतः त्या भूमीवरून चालत होता. आज माहिती आकाशातून येते. तरीही तिची खातरजमा करण्यासाठी कोणीतरी शिवारात चालत जावेच लागते.