एका बिलाचे निदान

गेल्या वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवशी मुलगी आणि जावई आम्हा उभयतांना बंजारा हिल्सवरील एका उपाहारगृहात जेवायला घेऊन गेले. जावईबापूंनी नाशिकच्या लाल वाइनची एक बाटली मागवली. बिल आले तेव्हा लक्षात आले, की चौघांच्या जेवणाची आणि त्या एका बाटलीची रक्कम जवळजवळ सारखीच होती. दुकानातील किमतीच्या ती सुमारे तिप्पट होती. मी चकित झालो, तेव्हा जावई म्हणाले, ''बाबा, बाहेर असंच असतं.'' परंतु 'असंच असतं' हे निदान डॉक्टरला पटत नाही. म्हणून थोडा शोध घेतला. त्यातून जे हाती लागले ते येथे मांडतो.

पहिले कारण कराचे. आपल्या राज्यघटनेने मद्य हा विषय राज्यांकडे सोपवला आहे. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला, तेव्हाही पिण्याचे मद्य त्यातून वगळण्यात आले. त्यामुळे एकाच टेबलावरील जेवण एका करपद्धतीत आणि वाइन दुसऱ्या करपद्धतीत मोडते. मद्याच्या बाबतीत प्रत्येक राज्य जणू स्वतंत्र देश आहे. नाशिकची वाइन हैदराबादला यायची, तर तिच्या लेबलाची येथे नोंदणी करावी लागते, परवाने घ्यावे लागतात आणि येथील कर भरावे लागतात. महाराष्ट्राने २००१ च्या द्राक्षप्रक्रिया धोरणात स्थानिक वाइनला सवलती दिल्या. पण राज्याची सीमा ओलांडताच त्या मागे राहतात.

तेलंगणात घाऊक मद्यविक्री सरकारी महामंडळामार्फतच होते. संयुक्त आंध्र प्रदेशात ही व्यवस्था १९८६ मध्ये आली आणि राज्य विभाजनानंतरही ती टिकली. आपल्याकडे 'आबकारी' हा शब्द निजामी राजवटीपासून रुळलेला आहे, आणि सरकारी तिजोरीशी त्याचे नातेही तितकेच जुने आहे. १९९५ मध्ये लागू झालेली दारूबंदी १९९७ मध्ये शिथिल करावी लागली, त्यामागे बुडालेल्या महसुलाची चिंता मोठी होती. गंमत अशी, की येथील रस्त्यांवर दर थोड्या अंतरावर 'वाइन्स' अशी पाटी दिसते. आत मात्र व्हिस्की आणि बिअरचेच राज्य असते. ज्या वस्तूचा खप कमी, तिच्यावर दुकानदार आणि हॉटेलमालक नफ्याचे प्रमाण अधिक ठेवतो.

परदेशी वाइनची कथा याहून कठीण. तिच्यावर सर्वसाधारण आयात शुल्क १५० टक्के. म्हणजे बंदरावर ५०० रुपयांची असलेली बाटली राज्याचा कर लागण्यापूर्वीच १,२५० रुपयांची होते. ऑस्ट्रेलियाशी झालेल्या करारानुसार डिसेंबर २०२२ पासून ठरावीक किमतीवरील बाटल्यांचे शुल्क टप्प्याटप्प्याने कमी होऊ लागले, हा थोडाफार दिलासा.

दुसरे कारण उपाहारगृहाच्या अर्थशास्त्राचे. बारचा परवाना, मोक्याच्या जागेचे भाडे, शीतकपाट, नाजूक पेले आणि त्यांची फूटतूट, प्रशिक्षित सेवक या साऱ्यांचा भार बाटलीवर पडतो. शिवाय वाइन उघडली की हवेशी संयोग होऊन ती दोन-तीन दिवसांत उतरते. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत १५० मिलिलिटरचे पाच पेले होतात. उरलेले पेले विकले जातील याची खात्री नसल्याने पहिल्या एक-दोन पेल्यांतच बाटलीची खरेदी वसूल करण्याकडे मालकाचा कल असतो. स्वयंपाकघरातील नफा बेताचा असतो. ती तूट पेयांतून भरून निघते. थोडक्यात, वाइन पिणारा न पिणाऱ्याच्या बिर्याणीला हातभार लावतो!

हे कायदेशीर आहे काय, असा प्रश्न साहजिक आहे. बाटलीबंद पाण्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निर्णय दिला, की हॉटेल केवळ वस्तू विकत नाही, तर जागा आणि सेवाही देते. म्हणून छापील किमतीहून अधिक आकारणी करता येते. मात्र सेवाशुल्क ऐच्छिक आहे. ते सक्तीने घेता येणार नाही, असे दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये स्पष्ट केले आहे. ते बिलातून काढून टाका, असे सांगण्यात संकोच वाटू नये.

आता थोडे आत्मपरीक्षण. वयाची पन्नाशी उलटेपर्यंत मला वाइनची किंमत ठाऊक कशी नव्हती? उत्तर अवघड नाही. आमच्या उमेदीच्या काळात परिषदांनंतरच्या मेजवानीचे बिल डॉक्टरांपर्यंत येतच नसे. डिसेंबर २००९ मध्ये वैद्यक परिषदेने औषध कंपन्यांचा असा पाहुणचार निषिद्ध ठरवला. २०२४ च्या औषध विपणन संहितेनेही तो कंपन्यांना मना केला. ती वाइनही महागच होती. फक्त तिचे पैसे अखेरीस रुग्णाच्या औषधाच्या बिलातून जात होते.

हा प्रश्न आपल्या स्नेहभोजनांपुरताही खरा आहे. वर्गणी सर्वांना समान आणि वाइन काहींनाच, ही पद्धत न पिणाऱ्या कुटुंबांवर आणि नुकत्याच व्यवसायात आलेल्या तरुण डॉक्टरांवर अन्याय करते. ते भिडेपोटी बोलत नाहीत. जेवणाची वर्गणी समान ठेवावी आणि पेयांचे पैसे ज्याचे त्याने द्यावेत, अशी माझी मंडळाला नम्र सूचना आहे.

शेवटी बालरोगतज्ज्ञाचा एक शब्द. १५० मिलिलिटर वाइनमध्ये सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल असते. मद्याचे कोणतेही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये सांगितले आहे. गर्भवतीसाठी तर हा नियम निरपवाद आहे. 'हृदयाला चांगली' म्हणून वाइन सुचवण्याचा काळ संपला. तेव्हा बाटलीवरील चढी किंमत पाहून एखाद्याने दुसरा पेला टाळला, तर त्या बिलाचा निदान तेवढा तरी औषधी उपयोग झाला असे मी समजेन. त्या रात्री आमच्या बाटलीतली निम्मी वाइन तशीच राहिली. पैसे मात्र पूर्ण भरले.