उसातला जिवाणू आणि अ‍ॅसिटिलीनची चाचणी

‘बेणेप्रक्रियेत अ‍ॅसेटोबॅक्टर वापरतो, पण तो हवेतलं नत्र धरतो हे कुणी पाहिलं?’ असं एका ऊस उत्पादक वाचकांनी विचारलं आहे. उत्तरासाठी ब्राझीलला जावं लागेल.

रिओजवळच्या सेरोपेडिकात शास्त्रज्ञ योहाना डोबेराइनर यांनी सहकारी काव्हाल्कान्ते यांच्यासह १९८८ साली उसाच्या मुळा-कांड्यांत राहणारा हा जिवाणू जगापुढे आणला. स्वारी भलतीच गोडघाशी! दहा टक्के साखरेच्या आंबट माध्यमात मजेत वाढते. अख्खी साखर मात्र तिला आत घेता येत नाही. लेव्हानसुक्रेज हे विकर बाहेर सोडून ती आधी फोडावी लागते.

नत्र धरणारं विकर वेगळं, नायट्रोजिनेज. ऑक्सिजनचा वारा लागला की ते निकामी होतं, आणि जिवाणूला श्वसनासाठी तर ऑक्सिजन हवा. डोबेराइनरबाईंनी हा तिढा जिवाणूवरच सोपवला. अ‍ॅझोस्पिरिलम या नत्र धरणाऱ्या दुसऱ्या जिवाणूसाठी त्यांनी माध्यम घट्ट करणारं अगार जेमतेमच घातलं आणि नळी न हलवता ठेवली. जिथे ऑक्सिजन बेताचा, तिथे जिवाणू आपणहून जमले आणि पृष्ठभागाच्या जरा खाली सायीसारखा पापुद्रा धरला. ना महागडं यंत्र, ना वायूंची मोजदाद. या युक्तीचं कौतुक पाठ्यपुस्तकांत फारसं होत नाही, याचं मला वाईट वाटतं.

विकर चालू आहे का, हे मात्र अ‍ॅसिटिलीन सांगतो. कार्बाइडने आंबे पिकवतात तोच वायू. नायट्रोजिनेज त्याचं इथिलीन करतं, हे १९६६मध्ये कळलं. इथिलीन मोजणं सोपं, म्हणून चाचणी जगभर पसरली आणि घोळही झाला. उदाहरणार्थ, मक्याची मुळं तोडून, रात्रभर कमी ऑक्सिजनमध्ये ठेवून मग मोजणी होई. आकडे डोळे दिपवणारे! खुद्द डोबेराइनर यांचं मक्यावरचं १९७५चं काम याच पद्धतीचं होतं. पुढे लक्षात आलं, की त्या रात्रीत मुळांवर जिवाणूच बेसुमार वाढत होते. आकडा शेतातला नव्हताच.

उसाच्या बाबतीत पुरावा जरा बरा आहे. जड नत्राचा (नत्राच्या जड समस्थानिकाचा) माग काढणाऱ्या ब्राझीलमधल्या प्रयोगांत काही वाणांनी बरंच नत्र हवेतून मिळवलं, काहींनी फारसं नाही. पण ते याच जिवाणूमुळे, हे त्यातून ठरत नाही. उसात नत्र धरणारे इतरही आहेत. म्हणून जिवाणू संवर्धनाच्या भरवशावर सगळ्या रानाचा युरिया एकदम कमी करू नका. आधी थोड्या सऱ्यांना सारखाच कमी युरिया द्या, निम्म्या सऱ्यांत संवर्धन लावलेलं बेणं लावा, निम्म्यांत साधं, आणि तोडणीला दोन्हींचं वजन वेगवेगळं करा.