सावित्रीच्या उगमाकडे : आम्ही दोघं आणि आंबेनळी घाट

आमचा मोठा मुलगा कॅनडात असतो. गेल्या उन्हाळ्यात त्याने आणि सूनबाईने बॅन्फ ते जॅस्पर असा गाडीने सफर केला आणि रोज आम्हाला फोटो पाठवले. पावणेतीनशे-तीनशे किलोमीटरचा रस्ता, दोन्ही बाजूंना बर्फाचे डोंगर आणि डोंगरांच्या खांद्यांवरून उतरलेल्या हिमनद्या. त्यातल्या अथाबास्का हिमनदीजवळ सालांच्या पाट्या लावल्या आहेत. अमुक साली बर्फ इथपर्यंत होता, असं त्या सांगतात. सव्वाशे वर्षांत ही हिमनदी दीड किलोमीटरहून जास्त मागे सरकली आहे. शेवटच्या फोटोखाली लेकाने लिहिलं होतं, "अब्बा, अम्मी, पुढच्या वर्षी तुम्ही दोघं या."

फोटो पाहता पाहता आमच्या लक्षात आलं की लग्नाला ३४ वर्षं झाली, पण आम्ही दोघांनी मिळून असा एकही सफर केलेला नाही. आमच्यातला एक ३१ वर्षं कुवेतला होता, दुसरी महाडच्या घरात. दोन वर्षांतून दोन महिन्यांची सुट्टी. तीही लग्नकार्यं, घराचं बांधकाम आणि पाहुण्यांत संपायची. महाडचा रस्ता आम्हाला माहीत होता तो फक्त मुंबईच्या विमानतळापर्यंत. कोकणातल्या किती तरी मुस्लिम घरांची हीच गोष्ट आहे. पैसा घरी येतो, मुलं शिकतात, घर उभं राहतं आणि नवरा-बायको एकमेकांना फोनवर ओळखतात.

कुवेतचा मुक्काम संपवून घरी परतल्यावर खरी अडचण कळली. दोघं एका घरात, पण बोलायचं काय? विजेचं बिल, औषधं, मुलांचे फोन. मग गप्प. म्हणून ठरवलं, कॅनडा इन्शाअल्लाह होईल तेव्हा होईल, आधी आपली नदी पाहू. घरामागून वाहणारी सावित्री येते कुठून, ते बघून येऊ.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा. पाऊस ओसरला होता आणि डोंगर अजून हिरवे होते. फज्रची नमाज पढून निघालो. डब्यात घावणे, जवळ्याची चटणी, उकडलेली अंडी आणि थर्मासमध्ये चहा. गाडी कोणी चालवायची यावर थोडी हुज्जत झाली. कुवेतवाल्याचा हात सरळ, सपाट आणि उजव्या बाजूने चालणाऱ्या रस्त्यांवर बसलेला. महाडवाली मात्र नवरा दूर असताना, वयाच्या पंचेचाळिशीत गाडी शिकलेली. शेवटी घाटात स्टिअरिंग तिच्याकडे आणि पाण्याची बाटली त्याच्याकडे, असं ठरलं.

आधी चवदार तळ्यापाशी थांबलो. २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी इथलं पाणी प्यायलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्या दिवशी सत्याग्रहींवर हल्ला झाला तेव्हा काही जणांनी गावातल्या मुसलमानांच्या घरांत आसरा घेतला होता. त्याच वर्षी डिसेंबरच्या परिषदेसाठी कोणी जागा देईना, तेव्हा फत्तेखान नावाच्या मुस्लिम गृहस्थाने आपली जमीन दिली. आमच्या मुलांना शाळेत यातलं काही कळलं नव्हतं. आम्ही तरी त्यांना कधी सांगितलं?

तिथून महामार्गावरचा सावित्रीचा पूल. इथला इंग्रजांच्या काळातला जुना पूल २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात कोसळला आणि दोन एसटी गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या. नवा पूल वर्षाच्या आत उभा राहिला. पूल ओलांडताना आम्ही दोघंही बोललो नाही.

पोलादपूरला टाकी भरून घेतली आणि महाबळेश्वरचा रस्ता धरला. कापडे मागे पडलं की चढ लागतो. आंबेनळी घाट म्हणजे वळणांमागून वळणं. एका बाजूला काळा कडा, दुसऱ्या बाजूला दरी. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरांवर थर साचून हा सह्याद्री झाला. समोरच्या कड्यावर ते थर पायऱ्यांसारखे स्पष्ट दिसतात. मुलाच्या फोटोंतल्या दऱ्या रुंद, परातीसारख्या. त्या बर्फाने घासून केलेल्या. आपल्या दऱ्या अरुंद, खोल. त्या पावसाने कापलेल्या. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. एवढं पाणी या उतारांवरून खाली येतं आणि महाड-पोलादपूर त्याच्या वाटेवरच वसलेलं आहे.

अर्ध्या घाटात, रुंद जागा पाहून गाडी बाजूला घेतली. चहा ओतला. कुवेतवाल्याने विचारलं, "२००५ ला नेमकं काय झालं होतं गं? तू कधी नीट सांगितलंच नाहीस."

मुलाने पाठवलेल्या पाट्यांसारख्या खुणा आमच्या घरातही आहेत. जिन्याच्या भिंतीवर दोन रेघा : खालची २००५ ची, वरची २०२१ ची. त्या दोन्ही वेळी घरात पुरुष माणूस नव्हतं. मग ती सांगत गेली. २६ जुलैची रात्र, अंधार, तीन मुलं माळ्यावर, धाकटी तापाने फणफणलेली. तांदळाचं पिंप तरंगत होतं. शेजारच्या काकूंनी गच्चीवरून दोरीने दूध पाठवलं. चार दिवस फोन लागला नाही. २०२१ ला २२ जुलैला पुन्हा तेच, आणि त्याच दिवशी तळिये गाव दरडीखाली गेलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली. आपल्या पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीतही दरडी आल्या. "फोनवर तुम्ही विचारलंत, सगळं ठीक ना? मी म्हटलं, ठीक. तिथे तुम्ही काय करणार होता?"

मग कुवेतवाल्यानेही सांगितलं. ते चार दिवस तो कामावर गेला नव्हता. खोलीतल्या सहा जणांपैकी चौघं महाडकडचेच. सगळे टीव्हीसमोर बसून, आळीपाळीने नंबर लावत होते. हे त्याने १९ वर्षांत पहिल्यांदा सांगितलं. चहा केव्हाच गार झाला होता.

पुढे प्रतापगडाचा फाटा सोडून वर आलो. ऑर्थर सीटवरून खाली सावित्रीची दरी दिसते, धुकं हललं की एक बारीक चकाकती रेघ. जुन्या महाबळेश्वरच्या परिसरातून पाच नद्या निघतात असं मानतात. त्यातली कृष्णा पूर्वेला वळते आणि सुमारे १,४०० किलोमीटर जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते. सावित्री पश्चिमेला उडी घेते आणि शंभरेक किलोमीटरवर बाणकोटच्या खाडीतून अरबी समुद्रात जाते. मुलाला फोन लावून हे सांगितलं, तर तो म्हणाला, तिथेही एका बर्फाच्या डोंगरावरून पाणी तीन दिशांना, वेगवेगळ्या समुद्रांना जातं.

जोहरची नमाज तिथेच पढलो. अंतर थोडं, म्हणून कस्र नव्हती. पुरत्या चार रकात पढलो.

ज्यांना जायचं असेल त्यांच्यासाठी दोन शब्द. महाडहून महाबळेश्वर साधारण साठ किलोमीटर आहे. भर पावसात जाऊ नका. भिजलेली माती खालच्या कातळावरून सुटते आणि दरड येते. निघण्यापूर्वी रस्ता चालू आहे का ते पोलादपूरला विचारा. वळणावर हॉर्न द्या, उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा, उजेडातच परता. २८ जुलै २०१८ ला याच घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची सहलीची बस दरीत गेली आणि एकच जण वाचला. तीही माणसं आमच्यासारखीच हसत-बोलत निघाली होती.

मगरिबच्या आत सावित्रीच्या पुलापाशी परत आलो. गाडी पुलाच्या अलीकडे थांबवून, जे घरी पोहोचू शकले नाहीत त्यांच्यासाठी दुआ केली. मग घरी आलो. जिन्यातल्या रेघांपाशी कुवेतवाला बराच वेळ उभा राहिला. वरच्या रेघेशेजारी साल पुसट झालं होतं. त्याने पेन्सिल मागून ते पुन्हा गिरवलं.

कॅनडाच्या व्हिसाचे कागद आम्ही भरायला घेतले आहेत. पण त्याआधी, येत्या महिन्यात, बाणकोटला जाऊन येणार आहोत. सावित्री निघते कुठून ते पाहिलं. आता पोहोचते कुठे तेही पाहू.