जुन्या लॅपटॉपला नवी डिस्क : खर्च थोडा, लाभ मोठा

नागापूर एमआयडीसीतील लहान वर्कशॉप असो की अहिल्यानगरच्या बाजारातील दुकान, १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू झाल्यापासून हिशेबाची वही लॅपटॉपमध्ये गेली आहे. हा लॅपटॉप जुना झाला की सुरू व्हायलाच पाच मिनिटे लागतात आणि गिऱ्हाईक ताटकळत उभे राहते. मग नव्या लॅपटॉपसाठी व्याजी हप्त्यांचा मोह होतो. त्यापूर्वी व्यापारी बांधवांनी आत कोणती डिस्क आहे ते पाहावे.

जुन्या हार्ड डिस्कमध्ये तबकडी फिरते. लॅपटॉपमध्ये बहुधा मिनिटाला ५४०० फेरे. एसएसडीमध्ये फिरणारा भागच नसतो. हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी माहिती वाचते, तर साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. विखुरलेल्या लहान फायलींच्या बाबतीत हा फरक कितीतरी अधिक जाणवतो.

खरेदीपूर्वी माप घ्यावे. जुन्या लॅपटॉपमध्ये बहुतेक अडीच इंची साटा डिस्क असते. ७ मिलिमीटर जाडीची एसएसडी साडेनऊ मिलिमीटरच्या जागेत पट्टी लावून बसते. उलट मात्र होत नाही. एम.२ पट्टीची जागा असल्यास ती साटा आहे की एनव्हीएमई, हे विचारून घ्यावे. दोन्ही दिसायला सारख्याच असतात.

प्रथम सर्व हिशेब दुसरीकडे उतरवून घ्यावा. नंतर यूएसबी-साटा केबलने नवी डिस्क जोडून क्लोनझिलासारख्या मोफत सॉफ्टवेअरने जशीच्या तशी प्रत करावी. बिटलॉकर चालू असल्यास त्याची किल्ली आधी लिहून ठेवावी. हिशेबाच्या काही सॉफ्टवेअरचा परवाना यंत्राशी बांधलेला असतो. त्याचीही चौकशी करावी. लॅपटॉप उघडण्यापूर्वी चार्जर काढून बॅटरी सोडवावी.

एक मर्यादा ध्यानात असू द्यावी. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला लागणारा प्रोसेसर नसेल, तर एसएसडीने ती उणीव भरून निघत नाही. शिवाय एसएसडी कित्येकदा पूर्वसूचना न देता बंद पडते. म्हणून दर आठवड्याला हिशेबाची प्रत वेगळी काढणे आवश्यकच होय.

आता जुन्या डिस्कविषयी. नुसते फॉरमॅट केल्याने माहिती पुसली जात नाही. ती पुन्हा काढता येते. ग्राहकांचे फोन नंबर, आधारच्या प्रती, उधारीचा तपशील ही आपल्याकडील अमानत आहे. डिस्क भंगारात देण्यापूर्वी ती संपूर्ण नव्याने लिहून पुसावी. चांगली असल्यास यूएसबी पेटीत बसवून प्रत ठेवण्यासाठी वापरावी, म्हणजे इसराफही टळेल.

पवित्र कुरआनातील सर्वांत दीर्घ आयत (सूरह बकरा, २८२) उधारीचा व्यवहार लिहून ठेवण्याविषयी आहे. लिहिलेले जपून ठेवणे हेही त्याच जबाबदारीचे अंग आहे, हे कारागीर व व्यापारी बंधूंनी विसरू नये.