विजेवरची चारचाकी आणि भारनियमन



ऊस नोंदीसाठी गट कार्यालयात येणारे सभासद हल्ली एक प्रश्न हमखास विचारतात: "साहेब, विजेवरची कार आपल्याकडं चालंल का? लाईटीचा तर भरवसा नाही." प्रश्न रास्त आहे. २००५ नंतरची काही वर्षे मराठवाड्याने रोजचे भारनियमन सोसले. एप्रिल २०२२ मध्ये कोळशाच्या टंचाईमुळे राज्यात ते पुन्हा आले. वादळात तारा तुटल्या की आजही रात्र अंधारात काढावी लागते. म्हणून आम्ही येथे गाडीची भलावण न करता फक्त हिशेब मांडतो.

पहिला हिशेब युनिटचा. लहान कारच्या बॅटरीत सुमारे २० ते ३० युनिट वीज मावते आणि एका युनिटवर गाडी साधारण ६ ते ७ किलोमीटर जाते. रोजची धाव ६० किलोमीटर धरली तर ९-१० युनिट लागतात. घरच्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर तासाला अडीच ते तीन युनिट भरतात. म्हणजे रोज चार तास लाईट मिळाली की भागले. हे तास सलगच हवेत असे नाही. हौद भरताना लाईट गेली तरी भरलेले पाणी हौदात राहतेच, तसेच हे. लाईट आल्यावर बहुतेक गाड्यांचे चार्जिंग आपोआप सुरू होते. तरी एकदा मेन स्विच बंद-चालू करून खात्री करावी.

दुसरा प्रश्न, लाईन कोणती? गावठाण फीडरवरच्या घराला चार तास वीज मिळणे सहसा अवघड नाही. आखाड्यावर राहणाऱ्यांची अडचण वेगळी. शेतीच्या फीडरला ठरावीक तासच वीज, तीही पाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री. सगळ्या मोटारी एकदम चालू झाल्या की दाब पडतो आणि कमी दाबावर चार्जर बंद पडतो. अशांनी गावातल्या घरी चार्जिंगची सोय होत असेल तरच गाडीचा विचार करावा.

येथे एक मोह आवरला पाहिजे. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या कृषिपंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत विजेची योजना लागू आहे. मग पंपाच्या पेटीतूनच वायर ओढू, असे मनात येते. तसे मुळीच करू नये. पंपाची वीज पंपासाठीच मंजूर असते. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार अशा वापराची आकारणी दुप्पट दराने होते, आणि कालावधी ठरवता आला नाही तर मागील बारा महिन्यांची होऊ शकते. स्वतःची गाडी घरगुती मीटरवर चार्ज करण्यास मात्र हरकत नाही. मंजूर भार पुरतो का, एवढे महावितरणच्या कार्यालयात विचारून घ्यावे.

घरच्या इन्व्हर्टरवर भिस्त ठेवू नये. १२ व्होल्ट, १५० अँपिअर-तासाच्या बॅटरीत जेमतेम पावणेदोन युनिट असतात. तेवढ्यावर गाडी दहा-बारा किलोमीटरही नीट जाणार नाही. छतावरच्या ३ किलोवॅटच्या सौर संचातून चांगल्या उन्हात दिवसाला बारा युनिटच्या आसपास मिळतात. पण ग्रीडला जोडलेला साधा संच लाईट गेली की स्वतःही बंद होतो. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला शॉक बसू नये म्हणून ती व्यवस्था असते. भारनियमनात चालणारा संच हवा असेल तर बॅटरीसह घ्यावा, त्याचा खर्च जास्त येतो.

पॉइंटसाठी मीटरपासून स्वतंत्र जाड तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगले अर्थिंग घ्यावे. जुन्या बोर्डावर एक्स्टेन्शन लावून रात्रभर चार्जिंग ठेवल्यास वायर तापून आग लागू शकते.

नांदेड ते लातूर अंतर सुमारे १४० किलोमीटर आहे. मोठ्या बॅटरीची लहान गाडी एका दमात जाईल, पण परतीसाठी चार्जिंग लागेलच, आणि लाईट गेली तर चार्जिंग स्टेशनही बंद राहू शकते. सबब निघण्यापूर्वी तेथे फोन करून चौकशी करावी. दवाखान्याची वेळ रात्री-बेरात्री येते, म्हणून बॅटरी निम्म्याखाली जाऊ देऊ नये.

गाडी बुक करण्यापूर्वी पंधरा दिवस घरची लाईट कधी येते, कधी जाते हे डायरीत टिपून ठेवावे. गाडी घरी असते त्या वेळेत रोज चार-पाच तास लाईट भरत असेल तर गाडी घेण्यास हरकत नाही. भरत नसेल तर तूर्त थांबावे.

— ऊस विकास अधिकारी