डनीडिनचे तीव्र चढाचे रस्ते

न्यूझीलंडच्या दक्षिण बेटावरील डनीडिन या शहरातील टेकड्यांच्या उतारांवर असलेले अतितीव्र चढाचे निवासी रस्ते. यांपैकी शहराच्या ईशान्य भागातील बॉल्डविन स्ट्रीट हा जगातील सर्वांत तीव्र चढाचा निवासी रस्ता म्हणून प्रसिद्ध आहे. या रस्त्यांची तीव्रता केवळ डोंगराळ भूरचनेमुळे आलेली नसून, सरळ रेषांची नगररचना उंचसखल भूमीवर तशीच लादली गेल्यामुळे ती उद्‌भवली आहे.

रस्त्याच्या विशिष्ट टप्प्यात गाठलेली उंची व त्या टप्प्याचे क्षितिजसमांतर अंतर यांच्या गुणोत्तरास चढ म्हणतात. तो टक्क्यांत, गुणोत्तराने किंवा अंशांत सांगतात. १०० मी. क्षितिजसमांतर अंतरात ३५ मी. उंची गाठली गेल्यास चढ ३५% होतो. कोनाच्या भाषेत तो सु. १९° भरतो. १००% चढ म्हणजे उभा कडा नसून ४५° चा उतार होय. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकांनुसार डोंगराळ प्रदेशातील रस्त्यांना सर्वसाधारणपणे ५ ते ८% पर्यंतचा चढ ग्राह्य मानतात. यावरून डनीडिनमधील रस्त्यांच्या तीव्रतेची कल्पना येते.

डनीडिन हे ओटागो बंदराच्या शिरोभागी वसलेले आहे. सभोवतालच्या टेकड्या म्हणजे सु. १·६ ते १ कोटी वर्षांपूर्वी जागृत असलेल्या ज्वालामुखीचे झीज होऊन उरलेले अवशेष होत. बंदरालगतची सपाट भूमी मुळात थोडी असल्याने वस्ती लवकरच टेकड्यांच्या सोंडांवर व ओढ्यांच्या दऱ्यांत पसरली. स्कॉटलंडमधील फ्री चर्चच्या अनुयायांनी १८४८ मध्ये येथे वसाहत स्थापन केली. एडिंबरोच्या गेलिक नावावरूनच शहरास हे नाव मिळाले. चार्ल्स केटल या भूमापकाने १८४६ मध्ये शहराच्या मोजणीचे काम हाती घेतले. त्याच्या आराखड्यात एडिंबरोतील रस्त्यांची नावे व काटकोनात छेदणाऱ्या सरळ रस्त्यांची जाळी होती. ओटागो प्रांतात १८६१ मध्ये सोने सापडल्यावर लोकसंख्या झपाट्याने वाढली आणि टेकड्यांवरील जमिनींचीही भूखंडांत विभागणी होऊ लागली.

सरळ रेषेचा आराखडा मोजणीस, विक्रीस व भूखंडांच्या सीमा ठरविण्यास सोयीचा असतो. टेकडीवर रस्ता समोच्च रेषांच्या अनुरोधाने वळवीत नेल्यास चढ सौम्य होतो. परंतु रस्त्याची लांबी वाढते आणि भूखंड वेडेवाकडे होतात. तोच रस्ता समोच्च रेषांना काटकोनात छेदून सरळ वर नेल्यास टेकडीचा संपूर्ण उतार रस्त्याच्या वाट्यास येतो. बॉल्डविन स्ट्रीट हे याचे ठळक उदाहरण होय. विल्यम बॉल्डविन यांनी या जमिनीची भूखंडांत विभागणी केली व त्यांच्याच नावाने हा रस्ता ओळखला जातो.

सु. ३५० मी. लांबीचा हा रस्ता लिंडसे ओढ्याच्या दरीतून सिग्नल टेकडीच्या उतारावर चढतो. पायथ्याशी तो समुद्रसपाटीपासून सु. ३० मी., तर माथ्याशी सु. १०० मी. उंचीवर आहे. खालचा भाग मध्यम चढाचा असून तेथे डांबरी पृष्ठ आहे. वरच्या १६१·२ मी. टप्प्यात रस्ता ४७·२ मी. चढतो, तेथील सरासरी चढ १ : ३·४२ असून कमाल चढ १ : २·८६ म्हणजे सु. ३५% आहे. उष्ण दिवसांत डांबर मऊ होऊन उतारावरून ओघळण्याचा व हिवाळ्यात हिमतुषारामुळे वाहने घसरण्याचा धोका असल्याने वरच्या भागात काँक्रीटचे पृष्ठ घातले आहे. पादचाऱ्यांसाठी कडेला पायऱ्या आहेत. घरांची जोती क्षितिजसमांतर असल्याने रस्त्याच्या पार्श्वभूमीवर घरेच कलल्याचा भास होतो.

अशा चढांवर घोड्यांची वाहने चालविणे दुष्कर होते. सॅन फ्रॅन्सिस्को येथे १८७३ मध्ये सुरू झालेल्या केबल-ट्रामचे तंत्र डनीडिनने १८८१ मध्ये रॉझलिन मार्गावर स्वीकारले. या पद्धतीत रस्त्याखालील खाचेतून अखंड फिरणारा तारदोर ट्राम पकडीने धरते. त्यामुळे चाके व रूळ यांच्या घर्षणावर चढण्याची शक्ती अवलंबून राहत नाही. तारदोरावरील पकड न सोडता ट्राम वळणावरून ओढून नेण्याची युक्ती जॉर्ज स्मिथ डंकन या स्थानिक अभियंत्याने येथेच सिद्ध केली. रॉझलिन मार्ग १९५१ मध्ये व मॉर्निंग्टन मार्ग १९५७ मध्ये बंद झाला.

चढाची तीव्रता मोजण्याची रीतही वादाचा विषय ठरली आहे. २०१९ मध्ये वेल्समधील हार्लेख येथील फोर्द पेन लेख या रस्त्याचा चढ ३७·४५% ठरवून गिनेस संस्थेने त्यास अग्रस्थान दिले. हा रस्ता वळणाचा आहे. वळणाच्या आतील कडेस तीच उंची कमी अंतरात गाठली जाते, म्हणून तेथे चढ अधिक भरतो. रस्त्याच्या मध्यरेषेवर मापन करणे योग्य असल्याचे मान्य झाल्यावर २०२० मध्ये बॉल्डविन स्ट्रीटला हा मान परत मिळाला. अमेरिकेतील पिट्सबर्ग येथील कँटन ॲव्हेन्यूचा चढ ३७% सांगितला जातो. मात्र तो अगदी थोड्या अंतरापुरता आहे. तात्पर्य, मापनाचे स्थान व टप्प्याची लांबी निश्चित केल्याशिवाय अशी तुलना निरर्थक ठरते.

या कीर्तीमुळे बॉल्डविन स्ट्रीटवर पर्यटकांची वर्दळ असते. २००१ मध्ये चाके असलेल्या कचरापेटीत बसून उतारावरून खाली येण्याच्या प्रयत्नात एका तरुण व्यक्तीचा मृत्यू ओढवला. रहिवाशांना सामानाची ने-आण, वाहने उभी करणे व वृद्धांची ये-जा या अडचणी नित्याच्याच आहेत. भूखंड आखताना वाचविलेल्या श्रमांचा भार अशा रीतीने तेथे राहणाऱ्यांवर पिढ्यान्‌पिढ्या पडतो. म्हणूनच उतारावरील नव्या वसाहतींची आखणी करताना रस्ते शक्यतो समोच्च रेषांच्या अनुरोधाने नेऊन, सरळ चढाची वाट पादचाऱ्यांच्या पायऱ्यांसाठी राखणे श्रेयस्कर मानले जाते.