दप्तरात न मावलेला बचावपटू

२०२५ साली न्यू ऑर्लिन्सच्या सुपर बोलमध्ये, म्हणजे हंगामाच्या अंतिम सामन्यात, फिलाडेल्फियाने कॅन्सस सिटीचा ४०–२२ असा पाडाव केला, ही वार्ता वाचकांना विदित आहेच. परंतु ज्या बचावफळीने महोम्ससारख्या क्वार्टरबॅकला, म्हणजे चढाईच्या सूत्रधाराला, सहा वेळा चेंडूसकट भुईसपाट केले, तिला बाजूस सारून सामन्याच्या मानकऱ्याचा किताब हर्ट्‌स या क्वार्टरबॅकलाच बहाल झाला, यात नवल नाही. कारण अमेरिकन फुटबॉलच्या दरबारात बचावपटूची वहिवाट मागल्या रांगेचीच आहे. सबंध हंगामातील सर्वोत्तम खेळाडूचा असोसिएटेड प्रेसचा सन्मान आजवर दोनच बचावपटूंना लाभला: १९८६ साली लॉरेन्स टेलरला आणि त्यापूर्वी १९७१ साली मिनेसोटा व्हायकिंग्जच्या अ‍ॅलन पेजला. टेलरच्या कीर्तीचे चौघडे पुष्कळ वाजले. मला पेजची कारकीर्द अधिक विचारणीय वाटते.

बचावफळीच्या ऐन मध्यावर उभा राहणारा टॅकल म्हणजे मांसाचा तट, ही त्या काळची सर्वमान्य धारणा. पेज त्या मानाने सडपातळ. परंतु चेंडू हलताक्षणीच, समोरचा धिप्पाड गडी पवित्रा सावरतो न सावरतो तोच, त्याच्या खांद्याला बगल देऊन तो पलीकडे पोहोचलेला असे. १५ हंगामांत २१८ सामने तो एकही न चुकवता खेळला. तथापि क्वार्टरबॅकला पाडल्याची, म्हणजे ‘सॅक’ची, अधिकृत नोंद व्यावसायिक फुटबॉल साखळीच्या दप्तरी १९८२ पासून होऊ लागली आणि पेज १९८१ सालीच निवृत्त झाला, सबब ज्या कामात त्याने उमेद वेचली, त्याचा अधिकृत रकाना त्याच्या नावापुढे कोराच राहिला.

१९७८ साली, लांब पल्ल्याच्या धावण्याच्या नादाने याचे वजन उतरले अशी तक्रार करीत व्हायकिंग्जने त्याला बडतर्फ केले आणि शिकागो बेअर्सने अवघ्या १०० डॉलरांत पदरी घेतले. त्याच वर्षी, खेळता खेळता, त्याने मिनेसोटा विद्यापीठाची कायद्याची पदवी संपादन केली होती. पुढे १९९२ मध्ये मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयातील एका न्यायमूर्तींची मुदत गव्हर्नरांनी वाढवल्यामुळे त्या जागेची निवडणूकच टळू पाहत होती. तेव्हा पेजने दावा गुदरला, तो जिंकला, मग निवडणूक लढवून तीही जिंकली, आणि त्या न्यायासनावर बसणारा तो पहिला कृष्णवर्णीय ठरला.

ज्याची किंमत एका संघाने शून्य आणि दुसऱ्याने शंभर डॉलर ठरवली, त्याच्या हाती राज्याने १९९३ पासून २०१५ पर्यंत न्यायाचा काटा विश्वासाने सोपवला. तेव्हा माणसाची पारख करण्याच्या कामी मिनेसोटाचे मतदार फुटबॉलच्या मातब्बर जाणकारांहून शहाणे निघाले, असे म्हणणे प्राप्त आहे.